तीन दिवस कार्यमुक्त

परिपत्रक माझ्या टेबलावर येतं
तेव्हा त्याची तारीख उलटलेली असते बहुतेक.
लांजेवार बाबूंच्या पेपरवेटखाली ते मुरतं.
एकदा तर नऊ नंबर वॉर्डाच्या खिडकीत सापडलं,
कूलर हलू नये म्हणून घडी करून खुपसलेलं.
पाण्यानं शाई फुटली होती,
'ग्रंथपालांसाठी' तेवढं वाचता आलं.

यंदा शालिकनं ते वेळेत आणून दिलं :
"मॅडम, तुमच्या कामाचं दिसून राह्यलं."

साहेब म्हणाले, चार वर्षं राहिली तुमची,
आता काऊन शिकता?
सर, तुमची तर तीनच राहिली
आणि तुम्ही परवा दुर्बिणीची नवी शस्त्रक्रिया शिकून आलात,
असं मी म्हटलं नाही.
"जी सर" म्हटलं.

आदेश निघाला : तीन दिवस कार्यमुक्त.
प्रवासभत्ता अनुज्ञेय नाही.
अजनी ते सीताबर्डी, मेट्रोचं तिकीट केवढंसं,
पण 'कार्यमुक्त' हा शब्द मी घडी घालून पर्समध्ये ठेवला,
उन्हासाठी घेतलेल्या कांद्याशेजारी.

शिकवणारी पोरगी माझ्या लेकीहून लहान.
तिनं फळ्यावर लिहिलं : आणि, किंवा, नाही.
म्हणाली, 'आणि' लावलं की उत्तरं कमी होतात,
'किंवा' लावलं की वाढतात.
जुन्या कॅटलॉग-कार्डांच्या पाठीवर मी उतरवून घेतलं.
घरी तर उलटं असतं.
वरण आणि भाजी म्हटलं की ताट भरतं,
वरण किंवा भाजी म्हटलं की समजायचं, महिनाअखेर.
जेवणाच्या सुट्टीत भंडाऱ्याच्या ढोमणेबाईंना हे सांगितलं,
त्या इतक्या हसल्या की ठसका लागला.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली,
आपापल्या दवाखान्यातला एक खरा प्रश्न घ्या.
कोणी साखर घेतली, कोणी विंचू.
मला शोधावा लागला नाही. तो होताच.

चौदा वर्षांपूर्वी, रात्री, लाइट गेलेले,
एक पोरगेला डॉक्टर मोबाइलच्या उजेडात आला होता.
सिकलसेलची बाई, सातवा महिना, छातीत दुखतंय,
रक्त बदलायचं की नुसतं चढवायचं,
कुठं काही आहे का मॅडम?
मी कपाट उघडून दिलं.
जे होतं ते दिलं : कसर लागलेलं जाड पुस्तक,
नेमकी त्या प्रकरणाची दोन पानं
कोणीतरी ब्लेडनं कापून नेलेली.
तो उभ्यानंच चाळून गेला. थँक्यू म्हणाला.
पुढे काय झालं ते
ग्रंथपालाला कोणी येऊन सांगत नाही.

मी शब्द टाकले. आणि. आणि. किंवा.
नऊशे. एकशे चाळीस. सहा.
सहातला चौथा लेख अगदी त्याच प्रश्नावर,
आणि खाली बारीक अक्षरात त्याचं साल :
त्या रात्रीच्या आदल्या वर्षाचं.

म्हणजे होता.
संगणकही होता, कापडानं झाकलेला,
मी रोज त्याची धूळ पुसायची.
विचारायचं कसं तेवढं येत नव्हतं.

पोरीनं विचारलं, मॅडम, सापडलं ना?
हो म्हटलं.
बाहेर जाऊन माठातलं दोन पेले पाणी प्यायले.

सोमवारी मध्यान्हपूर्व रुजू.
लांजेवारांनी प्रपत्र दिलं :
प्रशिक्षणाची उपयुक्तता, पन्नास शब्दांत.
आज गुरुवार. ते कोरंच आहे.

रात्री साडेआठला मडावी डॉक्टर आली,
ॲप्रनच्या खिशात अर्धा बिस्किटांचा पुडा,
दारातूनच म्हणाली, मॅडम, ते कपाट जरा...
मी किल्ली काढलीच नाही.
बस, म्हटलं, खुर्ची ओढ.
बाईचं वय सांग. कितवा महिना?
आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं?